ब्रुनोचं शनिवारचं इंजेक्शन

पत्र:

"डॉक्टर, आमचा ब्रुनो पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, वजन ३० किलो. दोन वर्षं झाली, त्याला खाज सुटते. आधी फक्त पावसाळ्यात खाजवायचा, आता बाराही महिने. पंजे चाटून चाटून लाल करतो, कानाला वास येतो. घराजवळचे डॉक्टर एक पांढरं इंजेक्शन देतात, दुसऱ्या दिवशी खाज गायब. तीन आठवड्यांत पुन्हा सुरू. मार्चपासून अशी सात इंजेक्शनं झाली. मधल्या दिवसांत खाज वाढली की आमचे मिस्टर सासऱ्यांच्या दम्याच्या प्रेडनिसोलोनमधली एखादी गोळी त्याला देतात. आता ब्रुनो दिवसाला चार लिटर पाणी पितो, हॉलमध्येच लघवी करतो. पोट सुटलंय, पाठीवरचे केस विरळ झालेत, जिना चढताना मागचे पाय लटपटतात. पायांसाठी मेडिकलमधून मेलोक्सिकॅम आणली, चार दिवस झाले देतोय. लघवीच्या त्रासामुळे रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवतो. शेजारचे काका म्हणतात, स्टेरॉइड म्हणजे विष, आजच बंद करा आणि गॅरेजमधलं जळालेलं ऑइल लावा. पुढचं इंजेक्शन येत्या शनिवारी आहे. द्यायचं की नाही?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर"

ताई, नमस्कार.

शनिवारचं सांगतोच, पण त्याआधी दोन गोष्टी आज रात्रीच करा. मेलोक्सिकॅम थांबवा, आणि पाण्याचं भांडं जागेवर ठेवा.

मेलोक्सिकॅम हे कुत्र्यांना चालणारं वेदनाशामक औषध आहे, मीही देतो. पण अंगात स्टेरॉइड असताना ते द्यायचं नसतं, आणि सासऱ्यांची प्रेडनिसोलोन स्टेरॉइडच आहे, ते पांढरं इंजेक्शनही बहुधा तेच. मेलोक्सिकॅम आणि स्टेरॉइड, दोन्ही पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, आणि एकत्र आली की जठरात किंवा आतड्यात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. कुत्रा पोट दुखतं म्हणून सांगत नाही. कळतं ते डांबरासारख्या काळ्या, चिकट शीवरून, नाहीतर उलटीत कॉफीच्या चुऱ्यासारखं काही दिसलं तर. असं काहीही दिसलं, किंवा ब्रुनोने जेवण सोडलं, तर शनिवारची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. पायाचं दुखणं आहे असं आपण धरून चाललो आहोत, पण पाय लटपटण्याचं कारण वेगळंच असण्याची शक्यता जास्त. त्यावर खाली बोलतो.

आणि पाणी. तो जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवी करतो, असं आपल्याला वाटतं. स्टेरॉइडवर असलेल्या कुत्र्यात बहुतेक वेळा गोष्ट उलट असते. हे औषध मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवायची ताकद कमी करतं, लघवी आधी वाढते आणि ती भरून काढायला कुत्रा पाणी पितो. भांडं उचललं तरी लघवी थांबत नाही, फक्त कुत्रा सुकतो. रात्री अकराला एकदा आणि पहाटे पाचला एकदा बाहेर न्या, हॉलमधली चटई काही दिवस गुंडाळून ठेवा, आणि त्याला रागावू नका. तो मुद्दाम करत नाही, त्याला ती धरवतच नाही.

आता शनिवार. ते पांढरं इंजेक्शन शनिवारी घेऊ नका. पण शनिवारी दवाखान्यात मात्र नक्की जा. "बंद करा" एवढंच सांगून काका मोकळे झाले. सात इंजेक्शनं झालेल्या कुत्र्याचं स्टेरॉइड एकाएकी तोडून घरी बसणं हा चालू ठेवण्याइतकाच, कदाचित जास्तच, मोठा धोका आहे.

का, ते समजून घ्या. कुत्र्याच्या दोन्ही मूत्रपिंडांजवळ अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज थोडं थोडं कॉर्टिसॉल बनवतात. आजारपणात, भीतीत, उपासमारीत, शस्त्रक्रियेत शरीर तग धरतं ते या कॉर्टिसॉलच्या जोरावर. आपण देतो ते स्टेरॉइड याच कॉर्टिसॉलचं भावंड. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की मेंदू ग्रंथींना हुकूम पाठवणं थांबवतो आणि काम नसल्यामुळे ग्रंथी आक्रसत जातात. मार्चपासून ब्रुनोच्या ग्रंथींना कामच नव्हतं. त्या पुन्हा जाग्या व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्या काळात स्टेरॉइड अचानक तुटलं तर कुत्रा मलूल होतो, खात नाही, उलट्या-जुलाब होतात, थरथरतो, आणि कधी कधी कोसळतो. पोळा तोंडावर आला आहे. दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीचा गोंगाट, पुढे गणपतीचे ढोल, मग दिवाळीचे फटाके. एरवी धडधाकट कुत्रा घाबरून पलंगाखाली बसतो आणि तासाभराने बाहेर येतो. ग्रंथी झोपलेल्या कुत्र्याला तेवढा ताणही झेपेल याची खात्री नसते. अशा दिवशी आम्ही स्टेरॉइडची गोळी थोडी वाढवूनही देतो.

तुम्ही लिहिलेला "पांढरं" हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. दुधासारखं गढूळ, वापरण्याआधी बाटली हलवावी लागणारं इंजेक्शन आणि त्याचा असर तीन आठवडे, हे जुळवून पाहिलं तर ते बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट असावं. ही साठवणीची स्टेरॉइडं. एकदा टोचली की औषध आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. अडचण एवढीच की ते काढून घेता येत नाही. गोळीने त्रास झाला तर उद्याची गोळी कमी करता येते. इंजेक्शनाने त्रास झाला तर ते संपेपर्यंत बघत बसावं लागतं. खाजेसाठी ही इंजेक्शनं पुन्हा पुन्हा द्यायला मी म्हणूनच तयार होत नाही. पांढरी दिसणारी दुसरीही औषधं असतात, तेव्हा अंदाजावर न थांबता डॉक्टरांकडून नाव कार्डावर लिहून घ्या, सातही तारखांसकट. पुढचा कुठलाही डॉक्टर आधी तेच विचारेल.

त्या डॉक्टरांवर चिडू नका, असंही मी म्हणेन. दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य आहे, "डॉक्टर, तपासण्या वगैरे राहू द्या, ते मागच्या वेळचं इंजेक्शन मारून द्या न." खाज दुसऱ्या दिवशी थांबते, माणसं खूश होतात, आणि पुढच्या वेळी तेच मागतात. हा दोष एका माणसाचा नाही.

काकांच्या "विष" या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. गांधीलमाशी चावून तोंड सुजलेलं कुत्रं, कानाची नळी सुजून बंद झालेली, एका रात्रीत चाटून पंजाएवढी ओली जखम केलेली, अशा वेळी मी स्टेरॉइड देताना दोनदा विचार करत नाही. पेम्फिगससारखे काही आजार असे आहेत, की ज्यात शरीर स्वतःच्याच कातडीवर हल्ला करतं, तिथे तर मोठ्या मात्रेत महिनोन् महिने द्यावं लागतं, कारण न देण्याची किंमत जास्त असते. आणि खाज ही क्षुल्लक गोष्ट नाही. रात्रभर पाय आपटत खाजवणारा कुत्रा झोपत नाही, तो चिडका होतो, घरातली माणसंही झोपत नाहीत. ती यातना थांबवणं हेही औषधाचंच काम.

मी तोलताना तीन गोष्टी बघतो: कोणतं स्टेरॉइड, किती मात्रेत, किती दिवस. तोंडाने द्यायची प्रेडनिसोलोनची गोळी, अ‍ॅलर्जीच्या खाजेसाठी साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम दर किलोला, पाच-सात दिवस, आणि मग कमी करत बंद. एवढ्यात बहुतेक कुत्र्यांना जे होतं ते म्हणजे तहान, लघवी, भूक, धापा टाकणं, क्वचित चिडचिड. औषध थांबलं की ते ओसरतं. हे सगळं आधी सांगितलं तर माणसं घाबरत नाहीत. त्रास सुरू होतो तो आठवड्यांचे महिने झाले की. लागोपाठ सात साठवणीची इंजेक्शनं आणि वर मनाला येईल तेव्हा घरातली गोळी, हा त्या तिन्ही गोष्टींचा हिशेब सुटलेला आहे.

ब्रुनोकडे नीट बघा. त्याला कुशीवर लोळवून मागच्या पायांमधली कातडी बघा. ती कागदासारखी पातळ झाली असेल, खालच्या निळ्या शिरा दिसत असतील, बारीक काळे ठिपके असतील, तर ते स्टेरॉइडचं काम. बोटांनी पाठ आणि काखा चाचपा. कुठे खडबडीत, चुना वाळल्यासारखे कडक चट्टे हाताला लागतात का? तो कॅल्शियम कातडीत साचण्याचा प्रकार आहे, तोही यातूनच होतो. पोट सुटतं ते फक्त चरबीने नाही. यकृत मोठं होतं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात. मागचे पाय लटपटतात त्याचं कारण बहुधा हेच, मांड्यांचे स्नायू झिजले आहेत. मात्र मोठ्या कुत्र्यांत गुडघ्यातला स्नायुबंध फाटणंही नेहमीचं आहे, म्हणून डॉक्टरांना पाय हाताने तपासायला सांगा. या सगळ्या लक्षणांना मिळून कुशिंग असं नाव आहे. काही कुत्र्यांना तो आपोआप होतो. ब्रुनोला तो औषधाने झालेला दिसतो, आणि यात एक दिलासा आहे: कारण हातात आहे, ते नीट काढून घेतलं तर बहुतेक गोष्टी माघारी फिरतात.

पाण्याचं मोजमाप घरी करा. निरोगी कुत्रा दर किलोला दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी पितो. म्हणजे ब्रुनोला दीड ते १.८ लिटर पुरायला हवं. दर किलोला १०० मिलीच्या वर, म्हणजे त्याच्यासाठी ३ लिटरच्या वर गेलं, की ते नक्कीच जास्त. तुम्ही चार लिटर लिहिलंय. सकाळी मोजून लिटरच्या बाटल्या भरून ठेवा, भांडं त्यातूनच भरा, रात्री उरलेलं वजा करा. दुधाचा हिशेब जसा कॅलेंडरवर लिहितो तसा त्याच चौकटीत लिहा, आणि शेजारी खाजेला दहापैकी किती गुण ते. दोन आठवड्यांची ती चौकट माझ्यासारख्याला दहा प्रश्नांची उत्तरं देते.

आता मूळ प्रश्नाकडे, जो सात इंजेक्शनांत कुणी विचारलाच नाही. ब्रुनोला खाज येते कशाने?

मला एक पिल्लू विसरता येत नाही. दवाखाना सुरू करून मला दोनच वर्षं झाली होती. रस्त्यावरून उचलून घरी आणलेलं सहा महिन्यांचं गावठी पिल्लू, डोळ्याभोवती आणि ओठाच्या कोपऱ्यात केस गेलेले दोन चट्टे. दवाखान्यात गर्दी होती. मी अ‍ॅलर्जी समजून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. तीन आठवड्यांनी ते परत आलं तेव्हा अर्धं अंग उघडं पडलं होतं, जागोजागी पू. त्या दिवशी मी कातडी चिमटीत दाबून पात्याने खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सिगारच्या आकाराचे, आखूड पायांचे किडे, डेमोडेक्स. हे किडे निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळातही थोडे असतात, प्रतिकारशक्ती त्यांना ताब्यात ठेवते. मी नेमकी तीच शक्ती दाबून टाकली होती. पिल्लू वाचलं, पण चार महिने लागले आणि ओठाजवळचे व्रण कायमचे राहिले. पाच मिनिटांचं काम मी टाळलं होतं. तेव्हापासून खरवडून पाहिल्याशिवाय मी खाजेच्या कुत्र्याला स्टेरॉइड देत नाही.

लूत म्हणतो ती खरूज निराळी, ती माणसांनाही लागते. घरात कुणाच्या पोटावर, हातावर बारीक पुरळ येऊन खाजतंय का, हे आठवा. गजकर्णही तसंच, आणि स्टेरॉइडने ते पसरतं. माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळणारी तीन-तीन औषधं एकत्र असलेली मलमं कुत्र्याला लावू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत क्लोबेटासोलसारखं जोरकस स्टेरॉइड असतं, कातडीतून आत जातं, आणि उरलेलं कुत्रा चाटून पोटात घेतो.

ब्रुनोच्या पत्रातली लक्षणं वाचून माझा कल अ‍ॅलर्जीकडे आहे. सुरुवात तिसऱ्या वर्षाच्या आसपास, पहिल्यांदा पावसाळ्यातच, पंजे आणि कान पहिले, आणि जात लॅब्रॅडॉर. पण अ‍ॅलर्जी एकटी राहत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कुत्रं कूलरसमोर ओल्या फरशीवर पडून राहतं. मग जूनच्या मध्यापासून दमट हवा. दाट दुहेरी केसांचा लॅब फिरून आला की बोटांच्या फटी संध्याकाळपर्यंत ओल्या. तिथे मॅलासेझिया नावाची बुरशी माजते. कुबट, आंबूस वास तिचाच, तुम्ही लिहिलेला कानाचा वाससुद्धा बहुधा. जोडीला जंतूंच्या पुळ्या. कधी कधी निम्मी खाज या दोघांचीच असते, आणि ती शाम्पू, कानाचं औषध, गरज पडली तर प्रतिजैविक यांनी जाते. स्टेरॉइड या दोघांनाही खतपाणी घालतं. दर तीन आठवड्यांनी खाज परत यायचं एक कारण हेही असू शकतं.

पिसवांचंही बघा. बारीक कंगव्याने शेपटीच्या मुळाशी विंचरा, निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एक पिसू न दिसताही पिसवांची अ‍ॅलर्जी असते. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सारोलेनर या गटातली गोळी एकाच वेळी पिसवा, गोचीड आणि लुतीचे, डेमोडेक्सचे किडेही मारते. खाजेच्या प्रत्येक कुत्र्यात ही गोळी लवकर देऊन टाकणं मला शहाणपणाचं वाटतं. फक्त कुत्र्याला फिट्स येत असतील तर आधी सांगा. गोचीड असेल तर भिंतीच्या भेगा, खिडकीच्या चौकटी, पलंगाच्या मागची बाजूही साफ करावी लागते. आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्यावर कमी आणि घरात जास्त राहते.

आणि जळालेलं ऑइल? ते नकोच, ताई. माझ्याकडे अशी कुत्री येतात. कातडी भाजते, चाटून ते तेल पोटात जातं, फुप्फुसात जातं. काकांचा हेतू चांगला आहे, त्यांना तसं सांगा, पण डबा घरात येऊ देऊ नका.

शनिवारी कातडी खरवडून पाहणं, पंजावर आणि पोटावर चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, कानातला मळही तसाच बघणं, या तीन स्वस्त तपासण्या आधी व्हाव्यात. सोबत लघवी आणि रक्त. स्टेरॉइडवरच्या कुत्र्यांना लघवीत संसर्ग होतो आणि तो मुका राहतो, जळजळ नाही, ताप नाही, कारण सूज दाबलेली असते. साखरही बघायला हवी, मधुमेह या औषधाच्या पाठोपाठ येऊ शकतो. घरी लघवी घ्यायची सोपी रीत: पहाटे पाचला बाहेर नेताना लांब दांड्याचा वरणाचा जुना डाव उकळत्या पाण्यातून काढून सोबत घ्या, पहिली धार जाऊ द्या, मग डाव खाली सरकवा, आणि ती स्वच्छ कोरड्या बाटलीत ओता. दोन तासांत प्रयोगशाळेत द्यायची, नाहीतर तोपर्यंत फ्रिजमध्ये. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आल्कलाइन फॉस्फटेज हा यकृताच्या तपासणीतला आकडा बराच वाढलेला दिसेल, घाबरून यकृताची टॉनिकं सुरू करू नका. कुत्र्यांत स्टेरॉइडने हा आकडा वाढतोच. थायरॉइडचा टी-४ कमी आला तरी लगेच थायरॉइडच्या गोळ्या नकोत, तोही स्टेरॉइडने खोटा कमी दिसतो.

पुढचा रस्ता असा असेल. शेवटच्या इंजेक्शनाचा असर ओसरत असताना डॉक्टर प्रेडनिसोलोनची थोड्या मात्रेची गोळी सुरू करतील, आणि आठवड्या-आठवड्यांनी ती उतरवत नेतील. रोजवरून एक दिवसाआड. एक दिवसाआड याला अर्थ आहे. प्रेडनिसोलोनचा असर साधारण १२ ते ३६ तास राहतो, म्हणजे मधल्या दिवशी ग्रंथीला स्वतः काम करायची संधी मिळते. डेक्सामेथासोनने हे साधत नाही, त्याचा असर दोन दिवस पुरतो. ग्रंथी जागी झाली की नाही हे बघायला एसीटीएच (मेंदू ग्रंथींना पाठवतो तो हुकूम) देऊन कॉर्टिसॉल मोजायची तपासणी आहे. ती झाली तर उत्तम, नाही झाली तर गोळी आणखी सावकाश उतरवायची. नेमके मिलिग्रॅम मी इथे लिहीत नाही, कारण ते ब्रुनोला हात लावलेल्या माणसाने ठरवायचे. सासऱ्यांच्या डब्यातली गोळी मात्र आता कुणीही द्यायची नाही, आणि आतापर्यंत किती दिल्या ते न लपवता सांगा. मिस्टरांना अपराधी वाटू देऊ नका, खाजणारं जनावर बघवत नाही म्हणूनच माणूस असं करतो.

गोळी उतरताना खाज डोकं वर काढेल. तिच्यासाठी आधीच तयारी हवी. क्लोरहेक्सिडिनचा, म्हणजे जंतू आणि बुरशी मारणारा शाम्पू, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आणि फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं. घड्याळ लावा, दहा मिनिटं वाटतात त्याहून मोठी असतात. माणसांचा साबण, पाण्यात जंतुनाशक ओतणं, दोन्ही बंद. नंतर पंच्याने बोटांच्या फटी एकेक करून कोरड्या करा. फिरून आल्यावरही रोज तेच. माशाच्या तेलातली ओमेगा स्निग्धाम्लं सुरू करता येतील, त्यांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, पण पुढे स्टेरॉइड कमी लागतं. सेटिरिझिनसारख्या माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांकडून फार आशा ठेवू नका, कुत्र्याच्या खाजेवर त्या तोकड्या पडतात. खाण्याची अ‍ॅलर्जी तपासायची तर आठ आठवडे असं एकच अन्न, जे त्याने कधी खाल्लेलं नाही. त्या काळात दूध-पोळी नाही, बिस्किट नाही, सासऱ्यांच्या ताटातला चिकनचा तुकडा तर अजिबात नाही. मग जुनं अन्न परत देऊन खाज येते का बघायची. ही परीक्षा स्टेरॉइड पूर्ण सुटल्यावरच करा, आधी केली तर काही कळत नाही.

स्टेरॉइड नसलेली औषधं आहेत. ओक्लासिटिनिब खाजेचा निरोप वाहणारी वाटच अडवतं, एक-दोन दिवसांत गुण दिसतो, तहान-भूक वाढवत नाही. तेही निर्दोष नाही. एक वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत, आणि संसर्ग, डेमोडेक्स यांवर लक्ष ठेवावं लागतं. सायक्लोस्पोरिनला असर दाखवायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला उलट्या होतात. दोन्ही महाग आहेत, ३० किलोच्या कुत्र्याला तर महिन्याचा खर्च घराच्या अंदाजपत्रकात जाणवतो. हे मी मोकळेपणाने लिहितो कारण पैशाचं बोलायला माणसं लाजतात. तुम्हाला ते झेपणारं नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. नीट निदान झालेल्या कुत्र्याला खाजेच्या दोन महिन्यांत सगळ्यात कमी मात्रेत, एक दिवसाआड प्रेडनिसोलोन, आणि वर्षातून दोनदा रक्त-लघवी, ही प्रामाणिक आणि चालणारी वाट आहे. मी ती अनेक घरांना दिली आहे आणि ती कुत्री म्हातारी होईपर्यंत जगली. मात्र ब्रुनोसाठी ती आत्ताची वाट नाही. आधी त्याच्या शरीराला या सात इंजेक्शनांतून बाहेर यायला हवं.

पाणी एक-दोन आठवड्यांत नाही, पण गोळी बरीच उतरली की कमी होताना दिसेल. पोट आणि मांड्या त्यानंतर, केस सगळ्यात शेवटी, दोन-तीन महिन्यांनी. आज एक फोटो काढून ठेवा, वरून आणि बाजूने, म्हणजे रोज बघताना न दिसणारा फरक कळेल.

शनिवारी डॉक्टरांना एवढंच म्हणा: "डॉक्टर, इंजेक्शन नको, आधी कातडी खरवडून बघा आणि गोळीवर आणून हळूहळू कमी करून द्या." बहुतेक डॉक्टरांना असं म्हणणारा मालक भेटला तर बरंच वाटतं. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शकाची सोय नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे जा. सकाळी लवकर निघा, ब्रुनोला रिक्षात बसवताना मागचे पाय खालून उचलून धरा. आणि सात तारखांचं कार्ड, कॅलेंडरचं पान आणि लघवीची बाटली पिशवीत आदल्या रात्रीच आठवणीने काढून ठेवा. बाटली तेवढी सकाळी भरायची.